पंचाचा शब्द : महाड-पोलादपूर परिसरातील नवोदित कबड्डीपंच आणि निर्णयाची भाषा

१. विषयप्रवेश

महाड आणि पोलादपूर हे रायगड जिल्ह्याच्या दक्षिण भागातील, समुद्रापासून आत, सह्याद्रीच्या पायथ्याला टेकलेले दोन तालुके. सावित्रीचे खोरे, भाताची शेती, डोंगरउतारावर विखुरलेल्या वाड्या आणि पोटासाठी मुंबईला गेलेली माणसे ही या प्रदेशाची परिचित लक्षणे होत. भातकापणी आटोपून जमीन मोकळी झाली, की गावाच्या पटांगणात किंवा एखाद्या सपाट शेतात माती चोपून कबड्डीचे मैदान तयार होते, फक्कीने रेषा आखल्या जातात, दिवे लागतात आणि आसपासच्या वाड्यांचे संघ उतरतात. या सामन्यांतील खेळाडूंविषयी बोलणारे पुष्कळ आहेत. प्रस्तुत लेखाचा विषय मात्र त्या मैदानाच्या कडेला शिट्टी घेऊन उभा असलेला पंच, आणि त्यातही नुकताच परीक्षा उत्तीर्ण होऊन पहिल्या काही सामन्यांना उभा राहणारा हौशी पंच हा आहे.

या माणसाची स्थिती भाषेच्या अभ्यासकाला विशेष उद्बोधक वाटावी अशी आहे. नियमांची पुस्तिका त्याला मुखोद्गत असते. अनुभवी पंच जे शब्द उच्चारतो तेच शब्द तोही उच्चारतो. तरीही एकाने ‘बाद’ म्हटले की खेळाडू मान खाली घालून बाहेर जातो आणि दुसऱ्याने म्हटले की सात खेळाडू, दोन मार्गदर्शक व निम्मे प्रेक्षक त्याच्याभोवती गोळा होतात. शब्द एक, अर्थ एक, नियमही एक. मग शब्दाचे सामर्थ्य कोठून येते? नवोदित पंचाला मैदानावर जे शिकावे लागते ते मुख्यतः या प्रश्नाचे उत्तर होय.

२. ‘पंच’ या शब्दाचा वारसा

प्रथम खुद्द ‘पंच’ हा शब्द पाहू. मूळ अर्थाने ही केवळ पाच ही संख्या आहे. पाच जाणत्यांनी एकत्र बसून द्यावयाचा न्याय असा अर्थ तिला प्राप्त झाला आणि त्यातून ‘पंचायत’ हा शब्द रूढ झाला. ‘पाचामुखी परमेश्वर’ ही म्हण त्याच श्रद्धेची साक्ष देते. त्याच ‘पंचायत’ शब्दाचे मराठीतील दुसरे रूप ‘पंचाईत’ हे मात्र अडचण, कोंडी या अर्थाने वापरले जाते. न्याय देण्याची संस्था आणि अवघड प्रसंग यांना एकाच शब्दाची दोन रूपे मिळावीत, यात भाषेचा अनुभव दिसून येतो. फारसी ‘नामा’ जोडून झालेल्या ‘पंचनामा’ या शब्दात पंच हा न्यायदाता उरत नाही. तेथे तो घटनास्थळ डोळ्यांनी पाहून सही करणारा साक्षीदार असतो. खेळाचा पंच हा या दोन्ही अर्थांचा वारस आहे. त्याला साक्षीदारासारखे पाहावयाचे असते आणि न्यायाधीशासारखे ठरवावयाचे असते. तेही एकाच क्षणात.

कबड्डीच्या एका सामन्यासाठी एक सरपंच, दोन पंच, एक गुणलेखक आणि दोन साहाय्यक गुणलेखक असे सहा अधिकारी लागतात. म्हणजे ‘पंच’ या शब्दातील पाचाचा हिशेब येथे केव्हाच मागे पडला आहे. ‘सरपंच’ या शब्दाचीही खेडेगावात गंमत होते. ग्रामपंचायतीचा सरपंच बहुधा पाहुण्यांच्या खुर्चीत असतो आणि सामन्याचा सरपंच मैदानाच्या कडेला. एकाला अधिकार निवडणुकीने मिळालेला असतो, दुसऱ्याला परीक्षेने. आणि सामना चालू असेपर्यंत पहिल्याने दुसऱ्याचे ऐकावयाचे असते.

इतर भाषांतील शब्द वेगळी कथा सांगतात. इंग्रजीतील ‘अंपायर’ हा शब्द जुन्या फ्रेंचमधील ‘नॉनपेर’ म्हणजे ‘जोडीतला नसलेला’, तिऱ्हाईत, या शब्दापासून आला. इंग्रजीत त्याचा आरंभीचा ‘न’कार आधीच्या उपपदाला चिकटला आणि शब्द ‘न’शिवाय उरला. ‘रेफरी’ म्हणजे ज्याच्याकडे वाद सोपवावयाचा तो. इंग्लंडमधील फुटबॉलमध्ये आरंभी प्रत्येक संघ आपापला अंपायर आणीत असे. खेळाडूने दाद मागितल्यावाचून निर्णय होत नसे, आणि दोघा अंपायरांचे जमले नाही तर मैदानाबाहेरच्या रेफरीकडे प्रकरण जाई. १८९१ मध्ये रेफरी मैदानात आला आणि अंपायर रेषेवर गेले. कबड्डीत जुन्या रचनेचे प्रतिबिंब अजून दिसते. दोन्ही बाजूंच्या रेषांजवळ दोन पंच असतात, त्यांचा निर्णय अंतिम मानला जातो. त्यांच्यात मतभेद झाला किंवा खेळाच्या हिताच्या दृष्टीने विशेष कारण उपस्थित झाले, तरच सरपंच आपला शब्द उच्चारतो.

३. दोन प्रकारचे न्याय

‘तिऱ्हाईत’ आणि ‘पाचजण’ या दोन कल्पनांतील अंतर महाड-पोलादपूरच्या पंचाला पावलोपावली जाणवते. तिऱ्हाईत हा बाहेरचा असतो. पाचजण मात्र गावातलेच असतात. मराठेशाहीतील न्यायपद्धतीचा जो सविस्तर अभ्यास वि. त्र्यं. गुणे यांनी १९५३ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजतर्फे प्रसिद्ध केला, त्यात गोतसभेचे चित्र आढळते. देशमुख, देशपांडे, पाटील, कुळकर्णी, बलुतेदार अशी वाद्यांना ओळखणारी माणसे न्यायाला बसत. प्रथम दोन्ही पक्षांकडून ‘राजीनामा’ घेतला जाई. आज या शब्दाचा अर्थ पद सोडण्याचा कागद असा झाला आहे. त्या काळी मात्र ‘होणारा निर्णय आम्हांस मान्य राहील’ अशी राजीखुशीची ती लेखी कबुली होती. साक्षीपुरावे होत, महजर लिहिला जाई, आणि हरलेला पक्ष ‘यजितपत्र’ लिहून आपली हार मान्य करी.

या न्यायाचे वैशिष्ट्य असे, की त्याला वेळ होता आणि त्याचे ध्येय केवळ खरे-खोटे ठरविणे एवढेच नव्हते. निकालानंतर दोन्ही पक्षांना त्याच गावात, त्याच पाणंदीने जावयाचे असे. म्हणून समजूत काढणे हाही न्यायाचाच भाग होता. खेळाच्या पंचाला या दोन्ही गोष्टी उपलब्ध नाहीत. त्याला वेळ नाही आणि तडजोडीचा अधिकारही नाही. अर्धा गुण याला व अर्धा त्याला, असे त्याला करता येत नाही. परंतु प्रेक्षकांच्या मनात ‘पंच’ या शब्दाबरोबर जुना अर्थ जिवंत असतो. ‘पंच, जरा समजून घ्या’ या उद्गारात तोच जुना अर्थ बोलत असतो. येथे बोलणारा नियम मोडावयास सांगत आहे असे त्याला स्वतःला वाटत नाही. पंचाने जे करावयाचे असते तेच तो मागत आहे, अशी त्याची प्रामाणिक समजूत असते. नवोदित पंचाने हा अर्थभेद ओळखला, तर समोरच्या माणसाचा राग त्याला कमी बोचतो आणि आपले काम कोणते ते अधिक स्पष्ट दिसते.

या दोन न्यायांत आणखी एक मूलगामी फरक आहे. गोतसभेत बसण्याचा मान वतनाने व जन्माने येत असे. मैदानावरील पंचपण परीक्षेने येते. ज्या महाडमध्ये २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली चवदार तळ्याच्या पाण्यावरील समान हक्क बजावला गेला, त्या परिसरात कोणत्याही घरातील तरुण-तरुणीने शिट्टी वाजवावी आणि सर्व गावांनी थांबावे, ही गोष्ट लहान नव्हे. म्हणूनच या शब्दाला मान मिळतो की नाही, हा प्रश्न एका गुणापुरता मर्यादित राहत नाही.

४. शिक्षण आणि पहिली पायरी

पंच होण्याचा मार्ग तसा सरळ आहे. जिल्हा व राज्य पातळीवरील संघटनांच्या वतीने शिबिरे आणि पंचपरीक्षा होतात. नियमांची लेखी व तोंडी तपासणी होते आणि प्रत्यक्ष सामन्यात उमेदवाराची कसोटी पाहिली जाते. पुरुषांचे मैदान १३ मीटर लांब व १० मीटर रुंद. मध्यरेषेपासून निदानरेषा ३.७५ मीटरवर आणि बोनस रेषा तिच्याही पलीकडे १ मीटरवर. दोन्ही बाजूंना १ मीटर रुंदीचे राखीव क्षेत्र. वीस-वीस मिनिटांचे दोन डाव व मध्ये पाच मिनिटांची विश्रांती. लोणाचे दोन गुण. या गोष्टी आठवड्याभरात पाठ होतात.

अनुभवी मंडळी नवख्याला प्रथम साहाय्यक गुणलेखकाच्या किंवा गुणलेखकाच्या जागी बसवितात, ते योग्यच आहे. साहाय्यक गुणलेखक अंतिम रेषेकडील बाजूला बसतो. बाद झालेले खेळाडू कोणत्या क्रमाने आले हे लिहितो, कारण संघाला गुण मिळाला की त्याच क्रमाने ते उठतात. या जागेवरून त्याला इतरांचे निर्णय ऐकण्याची सवय लागते. कोणत्या निर्णयावर गलका झाला, कोणत्यावर झाला नाही, शिट्टी आधी वाजली की बोट आधी उठले, हे सारे तो लिहिता लिहिता टिपत असतो. शब्द उच्चारण्यापूर्वी शब्दाचा परिणाम पाहावयास मिळणे, हे या क्रमाचे खरे मूल्य होय. गुणलेखनाचाही एक धडा आहे : कागदावर फक्त निर्णय उतरतो, त्याची कारणे उतरत नाहीत. मैदानावरही कारणे सांगत बसण्याची गरज नसते, हे नवोदित पंचाला तेथेच उमगू लागते.

५. पंचाचा कान

पंचाच्या कामाचा एक भाग ध्वनिशास्त्राच्या अभ्यासकाला आपला वाटावा असा आहे. चढाई करणाऱ्याने ‘कबड्डी’ हा शब्द एका दमात, स्पष्टपणे आणि अखंड उच्चारीत राहावे, असा नियम आहे. मूळ फारसीतील ‘दम’ म्हणजे श्वास; मराठीत त्याला धीर आणि तग यांचेही अर्थ आले आणि खेळात तो श्वास व उच्चार या दोहोंचे मिळून नाव झाला. प्रतिपक्षाच्या अंगणात पाय पडण्यापूर्वी दम सुरू व्हावा लागतो. उशीर झाला तर चढाई करणाऱ्यास परत पाठवून प्रतिपक्षाला गुण व चढाईची संधी दिली जाते. तेथे असताना दम तुटला तर तो बाद.

आता या शब्दाची घडण पाहावी. ‘क’ हा अघोष कंठ्य स्फोटक, ‘ब’ हा घोष ओष्ठ्य, आणि ‘ड्ड’ हा घोष मूर्धन्य स्फोटकाचा द्वित्वोच्चार. प्रत्येक स्फोटकाच्या वेळी मुखमार्ग क्षणभर पूर्ण बंद होतो आणि हवा बाहेर जाणे थांबते. याउलट महाराष्ट्रातील जुन्या ‘हुतूतू’ या शब्दातील ‘ह’ उच्चारताना घशातून हवा मोकळेपणी वाहते. म्हणजे ‘कबड्डी’ हा शब्द श्वासाची बचत करणारा आहे. पंचाच्या दृष्टीने अडचण याच गुणातून उत्पन्न होते. ‘ड्ड’च्या वेळी आवाज क्षणभर दबतो, हा दबलेला क्षण उच्चाराचाच भाग आहे की चोरून घेतलेल्या श्वासाचा, हे शेकडो माणसांच्या ओरड्यात केवळ कानाने ठरविणे कठीण. म्हणून अनुभवी पंच डोळ्यांनीही ऐकतो : ओठांची हालचाल, खांद्यांचे उचलले जाणे, छातीचा भाता. चढाई करणारा एका कोपऱ्याकडे वळला की एका पंचाला त्याचे तोंड दिसते आणि दुसऱ्याला पाठ. दम कोणी ऐकावयाचा आणि पाय कोणी पाहावयाचे याची वाटणी त्या क्षणी आपोआप व्हावी लागते. दोन नवखे पंच एकत्र उभे केले तर दोघेही पायच पाहत राहतात, आणि दम कोणाच्याच कानी पडत नाही.

चढाईला ३० सेकंदांची मर्यादा आल्यापासून व्यवहारात लक्ष दमाकडून घड्याळाकडे सरकले आहे. परंतु नियमातून दम गेलेला नाही. मातीच्या मैदानावर वाढलेल्या प्रेक्षकाला तो अजून ऐकू येतो, आणि पंचाला ऐकू आला नाही तर तो तसे सांगितल्यावाचून राहत नाही.

६. ‘बाद’ : एका शब्दाचे वाक्य

ऑक्सफर्डचे तत्त्वज्ञ जे. एल. ऑस्टिन यांनी १९५५ मध्ये हार्वर्ड येथे दिलेली आणि त्यांच्या मृत्यूनंतर १९६२ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झालेली व्याख्याने भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्यांना परिचित आहेत. काही वाक्ये वस्तुस्थितीचे वर्णन करीत नाहीत, ती उच्चारणे हीच एक कृती असते, हा त्यांचा सिद्धांत. अशा उद्गारांच्या एका वर्गाला निर्णयात्मक उद्गार म्हणता येईल, आणि त्यात ऑस्टिन यांनी खेळाच्या पंचाचाही समावेश केला आहे. निर्णयात्मक उद्गाराला वस्तुस्थितीचा आधार लागतो. पण तो वस्तुस्थितीचे केवळ निवेदन नसतो. प्रेक्षकाने ‘तो बाद आहे’ म्हटले तर ते खरे किंवा खोटे विधान होते. पंचाने ‘बाद’ म्हटले की तो बाद होतो.

मराठीचा विचार केल्यास या एका शब्दाचे आणखी एक सामर्थ्य लक्षात येते. मराठी वाक्यात क्रियापद आले की त्याच्याबरोबर लिंग, वचन आणि आदर येतो. ‘तू बाद झालास’, ‘तुम्ही बाद झालात’, ‘ती बाद झाली’, ‘ते बाद झाले’ यांपैकी प्रत्येक रूप बोलणाऱ्याचे ऐकणाऱ्याशी नाते उघड करते. ज्या तालुक्यांत प्रत्येकजण कोणाचा तरी दादा, काका, मामा किंवा भाचा असतो, तेथे क्रियापद निवडणे म्हणजे नाते निवडणे होय. वयाने मोठ्या खेळाडूला पंचाने ‘तू’ म्हटले तर उर्मटपणा होतो. ‘तुम्ही’ म्हटले आणि दुसऱ्या संघातील पोराला ‘तू’ म्हटले तर पक्षपात दिसतो. ‘बाद’ या क्रियापदरहित वाक्यात यांपैकी काहीच नाही. ‘चार नंबर, बाद’, ‘एक गुण’, ‘दम गेला’ : या वाक्यांत नात्याला जागा नाही आणि म्हणून रागालाही फारशी जागा उरत नाही. अंगावरील क्रमांकाने खेळाडूचा निर्देश करण्याचा संकेत याच कारणाने मोलाचा आहे. गावात ज्याला ‘आबा’ म्हणावयाचे त्याला मैदानावर ‘सात नंबर’ म्हणणे हा अनादर होत नाही. आबांना इतरांच्या बरोबरीने वागविण्याचा तो मार्ग आहे.

नवोदित पंचाची बहुतेक चूक येथेच होते. त्याच्या तोंडून ‘मला वाटतं, त्याचा पाय लागला’ असे निघून जाते. वाक्य नम्र आहे, प्रामाणिकही आहे. पण ‘मला वाटतं’ या दोन शब्दांनी निर्णयाचे मतात रूपांतर होते. मताला उत्तर देण्याचा अधिकार कोणालाही असतो, आणि मग ‘आम्हांला नाही वाटत’ हे उत्तर अपरिहार्यपणे येते. दुसरी चूक कारणमीमांसेची. बोनस गुण देताना मागचा पाय हवेत होता की नाही हे पंच समजावून सांगू लागला, की वादाचा विषय गुण न राहता पाय होतो. लाल मातीवर तर पायाचा ठसा उमटलेला असतो. प्रेक्षक त्याकडे बोट दाखवून स्वतःच पंचनामा करू लागतात. परंतु ठसा पाय कोठे टेकला हे सांगतो, केव्हा टेकला हे सांगत नाही. आणि निर्णय ‘केव्हा’वर अवलंबून असतो. पंचाने पाहिलेला क्षण मातीत उरलेला नसतो. तो पुन्हा दाखविता येणार नाही, म्हणूनच तेथे पंच लागतो.

विधिशास्त्रज्ञ एच. एल. ए. हार्ट यांनी १९६१ च्या आपल्या ग्रंथात खेळातील गुणलेखकाचे उदाहरण घेऊन एक महत्त्वाचा भेद मांडला आहे : निर्णय अंतिम असणे वेगळे आणि तो अचूक असणे वेगळे. पंच चुकू शकतो. तरीही त्याचा निर्णय अंतिम असतो. नवखा पंच या दोन गोष्टी एक समजतो. आपला निर्णय अंतिम आहे म्हणून तो अचूकच असला पाहिजे असे तो भांडून सिद्ध करू पाहतो, किंवा आपण चुकलो असू या शंकेने तो मागे घेतो. दोन्हींमुळे शब्दाचे वजन कमी होते.

७. फिरलेला निर्णय

निर्णय मागे-पुढे होऊ लागला म्हणजे काय होते, याचे उदाहरण ७ ऑक्टोबर २०२३ रोजी हांगचौ येथे झालेल्या आशियाई क्रीडास्पर्धेतील भारत-इराण अंतिम सामन्यात जगाने पाहिले. सामना संपावयास थोडा अवधी असताना गुण २८-२८ असे बरोबरीत होते. भारताचा पवन सेहरावत चढाईत कोणाला स्पर्श न करता राखीव क्षेत्रात गेला आणि त्याच्यामागे इराणचे बचावपटूही तेथे शिरले. जुन्या नियमाप्रमाणे ते बचावपटूही बाद. नव्या नियमाप्रमाणे फक्त चढाई करणारा बाद. कोणता नियम लागू, यावर अधिकाऱ्यांचा निर्णय पुन्हा पुन्हा बदलला. दोन्ही संघ आळीपाळीने मैदानात बसून राहिले आणि खेळ सुमारे तासभर थांबला. शेवटी भारत ३३-२९ असा विजयी झाला.

या प्रसंगातील बोध असा, की एकदा निर्णय बदलला की पुढचा प्रत्येक निर्णय बदलण्याजोगा वाटू लागतो. पहिल्या ‘बाद’ने जी कृती घडली ती दुसऱ्या शब्दाने पुसली गेली, मग तिसऱ्या शब्दानेही ती पुसली जाईल, अशी आशा दोन्ही पक्षांना वाटणे स्वाभाविक होते. नियमपुस्तिकेत सरपंचाचा हस्तक्षेप विशेष प्रसंगापुरता राखून ठेवला आहे, त्यामागे हेच शहाणपण आहे. गावच्या सामन्यासाठी यातून एक साधी दक्षता निघते. सामना सुरू होण्यापूर्वी दोन्ही संघनायकांना बोलावून, कोणत्या नियमांनी खेळ होणार, हे सर्वांसमक्ष सांगावे. नियमांत वेळोवेळी बदल होतात. २०१४ पासून दूरचित्रवाणीवर दिसणाऱ्या व्यावसायिक स्पर्धेचे नियम प्रेक्षकांच्या डोक्यात असतात आणि स्थानिक स्पर्धेचे नियम तेच असतील असे नाही. ही आगाऊ संमती म्हणजे जुन्या काळचा राजीनामाच होय, फक्त तोंडी.

८. हात, शिट्टी आणि कार्ड

पंचाची भाषा केवळ शब्दांची नसते. शिट्टी, वर केलेले बोट, बोनससाठी उभा केलेला अंगठा, हिरवे-पिवळे-तांबडे कार्ड ही तिची चिन्हे. यांपैकी कार्डाचा इतिहास भाषेच्या दृष्टीने लक्षणीय आहे. २३ जुलै १९६६ रोजी लंडनच्या वेम्ब्ली मैदानावर इंग्लंड-अर्जेंटिना हा विश्वचषकाचा उपान्त्यपूर्व सामना झाला. जर्मन रेफरी रुडॉल्फ क्रायटलाइन यांनी अर्जेंटिनाचा संघनायक रातीन यास बाहेर जाण्यास सांगितले. परंतु रेफरीला स्पॅनिश येत नव्हते, रातीनला जर्मन येत नव्हते, आणि तो कित्येक मिनिटे जागचा हलला नाही. त्या स्पर्धेत रेफरींचे प्रमुख असलेले केन ॲस्टन यांना लंडनच्या रस्त्यावरील रहदारीचे दिवे पाहून रंगीत कार्डांची कल्पना सुचली आणि १९७० च्या मेक्सिकोतील विश्वचषकात ती अमलात आली. पुढे इतर खेळांनीही ती स्वीकारली.

वेम्ब्लीवर रेफरीची अडचण समान भाषेच्या अभावाची होती. पोलादपूरच्या एखाद्या वाडीत पंचाची अडचण नेमकी उलट आहे : तेथे भाषा नको इतकी समान असते. पंचाचे शब्द सर्वांना कळतात, त्याचा हेल कळतो, त्याचा संकोच कळतो, आणि त्याचे आजोळ कोणते तेही ठाऊक असते. अशा ठिकाणीही कार्ड आणि हाताची खूण उपयोगी पडतात, पण कारण वेगळे. तेथे चिन्ह अर्थ पोहोचविण्यासाठी लागत नाही. शब्दाबरोबर नकळत जाणारे नाते गाळून टाकण्यासाठी लागते. खूण ‘अरे’ किंवा ‘अहो’ म्हणत नाही.

शिट्टीविषयी एवढेच सांगावयास हवे, की तिचा काळ हाच तिचा अर्थ असतो. पकड पूर्ण होताच वाजलेली शिट्टी निर्णय सांगते. दोन क्षणांनंतर प्रेक्षकांच्या आरोळीमागून वाजलेली शिट्टी तोच निर्णय सांगते, पण तो आरोळीने घडविल्यासारखा दिसतो. प्रत्येक शिट्टीनंतर हात ठामपणे एका दिशेला जावा आणि दुसऱ्या पंचाकडे एकदा नजर जावी. नजर खेळाडूंकडे किंवा गर्दीकडे गेली तर ती प्रश्नासारखी वाचली जाते.

९. समारोप

हौशी पंचाला या कामातून प्राप्ती फारशी नसते; प्रवासखर्च आणि थोडे मानधन, एवढीच काय ती. रात्री उशिरा सामना संपला की गुणपत्रिकेवर सह्या करून त्याला त्याच लोकांबरोबर त्याच रस्त्याने घरी जावयाचे असते. ज्याला त्याने शेवटच्या मिनिटाला बाद दिला त्याच्याच दुचाकीवर मागे बसून जावे लागणे, हेही अशक्य नाही. त्या वेळी तो पुन्हा कोणाचा दादा असतो, कोणाचा भाचा असतो, आणि क्रियापदे पुन्हा आपापल्या जागी येतात. ‘पाय लागला होता का रे?’ असे तेव्हा कोणी विचारले, तर त्याने मनमोकळेपणी ‘मला तरी तसं दिसलं’ असे म्हणावयास हरकत नाही. मैदानावर वर्ज्य असलेले हेच वाक्य रस्त्यावर योग्य ठरते, कारण तेथे तो निर्णय देत नसतो, मत सांगत असतो.

नवोदित पंचाचे खरे शिक्षण म्हणजे या दोन भाषांतील सीमारेषा ओळखणे होय. मैदानात शिरताना नाते बाहेर ठेवावे, बाहेर पडताना ते पुन्हा उचलावे. आपल्या गावचा संघ खेळत असेल तेव्हा शिट्टी दुसऱ्याच्या हाती द्यावी. आणि थोडके बोलावे. असे काही हंगाम गेल्यावर एखाद्या सामन्यात असा क्षण येतो, की तो ‘बाद’ म्हणतो आणि खेळाडू वळून न पाहता बाहेर जातो. परीक्षेचे प्रमाणपत्र त्याला पूर्वीच मिळालेले असते. त्याच्या शब्दाला मान्यता मिळते ती त्या क्षणी.

मराठीच्या प्रादेशिक बोलींचे संशोधन आजवर प्रामुख्याने उच्चार, शब्दसंग्रह आणि रूपे यांवर केंद्रित राहिले आहे. एखाद्या बोलीचे बोलणारे निर्णय कसा देतात, तो कसा स्वीकारतात आणि तसे करताना नात्याची रूपे कोठे गाळतात, याचाही पद्धतशीर अभ्यास होण्याची आवश्यकता आहे. त्यासाठी ध्वनिमुद्रकासह एका हंगामभर सावित्रीच्या खोऱ्यातील मैदानांच्या कडेला बसणारा एखादा विद्यार्थी या विभागाला लाभला, तर कबड्डीबरोबर मराठी वाक्यविचाराचाही त्यात लाभ होईल.